हुकूम कोणाचा, झोप कोणाची

पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक उंच धर्मगुरू दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडते आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे काम १९४५ साली इथे उभे राहिले. पुतळा आबे फारियाचा आहे, म्हणजे कांदोळीत जन्मलेल्या जुझे कुस्तोदियु द फारियाचा. शिल्प म्हणून ते विलक्षण आहे. त्या पसरलेल्या बोटांतून काहीतरी निघते आहे आणि तेच त्या स्त्रीला पाडते आहे, असे पाहणाऱ्याला खरोखर वाटते. पण फारियाने आयुष्याची शेवटची वर्षे पॅरिसमध्ये जे सांगण्यात घालवली ते याच्या नेमके उलट होते. माझ्या हातांत काही नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या आत घडते, असे तो सांगत होता.

संमोहनाचा अडीचशे वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. माणूस शब्दाने झोपी जातो, त्याला वेदना जाणवेनाशी होते, पाण्याला दारूची चव लागते. हे घडवणारी शक्ती कोणाची? ग्रहताऱ्यांची, लोहचुंबकाची, करणाऱ्याच्या नजरेची, की झोपणाऱ्याची स्वतःची? दर पिढीने या प्रश्नाचे उत्तर थोडे पुढे सरकवले आणि हाती आलेले उत्तर पुन्हा पुन्हा गमावलेही.

तंद्री ही गोष्ट स्वतः फार जुनी आहे. डाक वाजते, कोणी घुमू लागते, अंगात येते. युरोपातही भूत उतरवणारे पाद्री होते. १७७०च्या दशकात योहान गासनर नावाचा पाद्री येशूच्या नावाने हुकूम सोडून रोग्यांना झटके आणत असे आणि थांबवतही असे. त्याच्याकडे हजारोंनी लोक लोटत. १७७५ साली बव्हेरियाच्या शासकाने या प्रकाराबद्दल व्हिएन्नाच्या एका डॉक्टरचे मत मागवले. त्याने सांगितले की गासनर प्रामाणिक आहे आणि त्याचे रोगी बरेही होतात, मात्र हे भूत उतरवणे नाही, निसर्गातली एक शक्ती तो नकळत वापरतो आहे. हा डॉक्टर म्हणजे फ्रांझ आंतोन मेस्मर.

मेस्मरचा जन्म १७३४चा, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या इझ्नांग गावचा. ग्रहांचा मानवी देहावर होणारा परिणाम हा त्याच्या १७६६ सालच्या वैद्यकीय प्रबंधाचा विषय होता. १७७४मध्ये त्याने एका रुग्ण स्त्रीवर लोहचुंबक वापरून पाहिले. खगोलशास्त्रज्ञ माक्सिमिलियन हेल यांनी ते चुंबक करून दिले होते. स्त्रीला आराम पडला. थोड्याच काळात मेस्मरच्या ध्यानात आले की चुंबक नसले तरी चालते, नुसते हात फिरवले तरी तेच होते. मग त्याने मांडले की विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून आहे, तो देहात अडला की रोग होतो, आणि माझ्यासारखा माणूस त्याला पुन्हा वाहता करू शकतो. या शक्तीला त्याने प्राणिज चुंबकत्व म्हटले. देवाच्या हातची गोष्ट त्याने निसर्गाकडे आणली खरी, पण किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवली.

व्हिएन्नात मारिया तेरेझिया पाराडिस या अंध पियानोवादक मुलीच्या उपचारावरून वाद पेटला आणि १७७८मध्ये मेस्मर पॅरिसला आला. तिथे त्याने एक मोठे लाकडी पीप मांडले. आत लोखंडाचा कीस, काचेचा चुरा आणि भारलेल्या पाण्याच्या बाटल्या असत, झाकणातून लोखंडी दांडे बाहेर येत. रोगी भोवती बसून ते दांडे दुखऱ्या जागी टेकवत. खोलीत अंधुक उजेड, काचेच्या वाद्याचे सूर आणि जांभळट झग्यात फिरणारा मेस्मर. एकाला झटका आला की शेजाऱ्याला येई, मग पलीकडच्याला. त्या झटक्यांनंतर लोक शांत होत आणि बरे वाटते म्हणत.

१७८४ साली सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये, खगोलशास्त्रज्ञ बाय्यी आणि डॉक्टर गियोतँ तिच्यात होते. मेस्मर तपासणीला आलाच नाही. त्याचा शिष्य देलाँ आला. फ्रँकलिन तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि आजारी होते, म्हणून काही प्रयोग पासी इथल्या त्यांच्या बागेत झाले. देलाँने एक जर्दाळूचे झाड भारले. बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडापाशी नेले. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, पुढे त्रास वाढत गेला आणि चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड वेगळेच होते आणि त्या जागेपासून दूर होते.

वैद्यकात आज औषध खरे की नाव खरे हे ठरवण्यासाठी ज्या आंधळ्या चाचण्या घेतात, त्यांचे हे एक आद्य रूप. समितीने निष्कर्ष काढला की कल्पनेशिवाय चुंबकत्व काहीच करत नाही आणि चुंबकत्वाशिवाय नुसती कल्पनाही झटका आणते. तो द्रव अस्तित्वात नाही. हे खरेच होते. पण एवढे खरे सांगून समिती उठली. मुलगा बेशुद्ध पडला हेही तितकेच खरे होते. नुसत्या कल्पनेने माणूस कोसळत असेल तर कल्पना ही केवढी मोठी शक्ती आहे, हा प्रश्न समितीच्या टेबलावरच पडून राहिला. त्याच समितीने राजासाठी एक गुप्त अहवालही लिहिला. स्त्री रोगी आणि पुरुष उपचारक यांच्या जवळिकीतून अत्याचाराला वाव राहतो, असा इशारा त्यात होता. या विद्येच्या धोक्याची ती पहिली सरकारी नोंद आजही शिळी झालेली नाही.

त्याच वर्षी ब्यूझान्सी गावात मेस्मरचा एक शिष्य, मार्की द प्युइसेगुर, आपल्या कुळांवर उपचार करत होता. व्हिक्तोर रास नावाचा २३ वर्षांचा शेतकरी छातीच्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. मार्कीने हात फिरवताच त्याला झटका आला नाही, तो शांत झोपला. झोपेत तो बोलू लागला, आणि एरवी जमीनदारापुढे मान वर न करणारा हा माणूस स्पष्ट, ठाम बोलत होता. जागा झाल्यावर त्याला काही आठवेना. पिपाभोवतीच्या आकांताऐवजी गावच्या एल्म वृक्षाखालची शांत, बोलती झोप आता या विद्येचा गाभा झाली. प्युइसेगुरने द्रवाचे महत्त्व कमी करून उपचारकाच्या इच्छाशक्तीला पुढे आणले. शक्ती अजूनही करणाऱ्याकडेच होती, फक्त बोटांतून मनात गेली होती.

इथे गोव्याचा माणूस येतो. फारियाचा जन्म मे १७५६चा. पुढे आई-वडील विभक्त झाले. वडील कायतानु व्हितोरिनु यांनी पाद्रीपद घेतले आणि आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात गेली. पंधराव्या वर्षी मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला पोचला, तिथून रोमला गेला आणि १७८०मध्ये त्याला दीक्षा मिळाली. गोव्यात एक आख्यायिका घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला तरुण फारिया गांगरला आणि त्याची वाचा बसली. तेव्हा मंचाजवळ बसलेले वडील हळूच कोकणीत म्हणाले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी.’ आणि मुलाची जीभ सुटली.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंतोंचा उठाव रचला गेला. गोऱ्या पाद्र्यांना मिळणारी पदे गोमंतकीय पाद्र्यांना नाकारली जात, ही त्यामागची एक मोठी जखम होती. कट फुटला, ४७ जणांना धरले आणि त्यांतल्या १५ जणांना फाशी झाली. संशयाची सावली लिस्बनमधल्या फारिया पितापुत्रांवरही पडली. १७८८मध्ये मुलगा पॅरिसला निघून गेला. तिथे त्याने राज्यक्रांती पाहिली आणि १७९५च्या पॅरिसच्या उठावात एका तुकडीच्या पुढे तो स्वतःही होता. पुढे मार्सेय आणि नीम इथे त्याने तत्त्वज्ञान शिकवले. १८१३ साली, वयाच्या ५७व्या वर्षी, त्याने पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर ४९ क्रमांकाच्या घरात जाहीर प्रयोग सुरू केले.

त्याची रीत साधी होती. माणसाला आरामखुर्चीत बसवायचे, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचे. थोडी शांतता. मग मोठ्या, ठाम आवाजात एकच हुकूम, ‘झोपा!’ पहिल्यांदा झाले नाही तर पुन्हा. तरीही झाले नाही तर उघडा तळहात डोळ्यांसमोर धरून हळूहळू जवळ न्यायचा, किंवा कपाळाला हलका स्पर्श करायचा. याउपर झाले नाही तर तो त्या माणसाला सरळ सांगे की तुमचा पिंड या झोपेचा नाही. पीप, दांडे, झाड, हातवारे यांना त्याने रजा दिली.

१८१९ साली त्याने आपला ग्रंथ छापला आणि तो प्युइसेगुरला अर्पण केला. पण त्यातले म्हणणे गुरूच्या पुढचे होते. द्रव नाही आणि उपचारकाची इच्छाशक्तीही काही करत नाही, कारण उपचारकाच्या मनात काही नसतानाही लोक झोपतात आणि त्याने कितीही इच्छा केली तरी काही जण झोपत नाहीत. कारण झोपणाऱ्याच्या पिंडात आहे. त्याची एकाग्रता, त्याचा विश्वास, त्याची अपेक्षा यांतून ती झोप येते. उपचारक फक्त निमित्त. पुढे ज्याला सूचना म्हणू लागले, ती कल्पना आपल्यापुढे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदा ठेवली ती या गोवेकराने. ज्यांचे रक्त पातळ त्यांना ही झोप लवकर लागते, असेही त्याने लिहिले. तो भाग काळाबरोबर गेला. मुख्य सूत्र टिकले.

मोबदल्यात त्याला चेष्टा मिळाली. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारा प्रहसनाचा खेळ लागला. एका नटाने झोपेचे सोंग करून भर सभेत डोळे उघडले आणि त्याला भोंदू ठरवले, असे सांगतात. चर्चने त्याच्याकडे संशयाने पाहिले आणि द्रववाद्यांनी शत्रू मानले. २० सप्टेंबर १८१९ रोजी तो वारला. पुढे अलेक्झांदर द्युमाने ‘काउंट ऑफ मॉंटे ख्रिस्तो’ कादंबरीत त्याचे नाव एका इटालियन कैद्याला दिले. जगभर नाव गाजले आणि त्यातून गोवा गळून पडला.

उत्तर मिळाले होते, पण ते लोकांच्या हाती राहिले नाही. इंग्लंडमध्ये द्रववादच पोचला आणि तिथून हिंदुस्थानात आला. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश डॉक्टर बंगालमध्ये हुगळीला होता. ४ एप्रिल १८४५ रोजी त्याच्यापुढे हायड्रोसीलची शस्त्रक्रिया झालेला एक कैदी असह्य वेदनेने तळमळत होता. एस्डेलने मेस्मेरिझम कधी पाहिला नव्हता, फक्त वाचला होता. त्याने हात फिरवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळाने कैदी गाढ झोपला, टोचले तरी हलेना.

भूल देण्याचे औषध तेव्हा वैद्यकात रूढ नव्हते. शस्त्रक्रिया म्हणजे चार माणसांनी धरून ठेवलेला, ओरडणारा रोगी. हत्तीरोगामुळे वाढलेल्या प्रचंड गाठी घेऊन बंगालमधले लोक जगत, कारण त्या कापून घेण्यापेक्षा मरण बरे वाटे. एस्डेलच्या १८४६च्या पुस्तकात आठ महिन्यांतल्या ७३ वेदनारहित शस्त्रक्रियांची यादी आहे. हे काम चाले कसे हेही पाहण्यासारखे आहे. अंधाऱ्या खोलीत रोगी उघड्या अंगाने उताणा निजे. उशाशी बसलेला मदतनीस त्याच्यावर वाकून तासन् तास डोक्यापासून पोटापर्यंत हात फिरवी आणि फुंकर घाली. काहींच्या बाबतीत हे कित्येक दिवस चाले. ही मेहनत एस्डेल स्वतः करत नसे. हिंदू आणि मुसलमान तरुण कंपाउंडर आणि ड्रेसर ती करत. हिंदुस्थानातल्या या वेदनामुक्तीचे अर्धे श्रेय त्यांना द्यायला हवे.

१८४६ साली बंगाल सरकारने समिती नेमली, तिचा अहवाल अनुकूल आला आणि कलकत्त्यात एक वर्षासाठी प्रायोगिक रुग्णालय मिळाले. ते बंद झाल्यावर शहरातल्या प्रतिष्ठित हिंदी नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला आणि लोकवर्गणीतून काम पुढे चालले. पण तोवर वारे फिरले होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये ईथरची जाहीर शस्त्रक्रिया झाली, १८४७मध्ये क्लोरोफॉर्म आले. ज्याला तास लागत ते मिनिटांत होऊ लागले आणि प्रत्येकावर होऊ लागले. १८५१मध्ये एस्डेल मायदेशी परतला. आपल्या यशाचे कारण बोटांतून वाहणारा द्रव आहे, हे त्याचे मत शेवटपर्यंत बदलले नाही. रोगी बरे झाले हे खरे, त्याने दिलेले कारण मात्र फारियाने तीस वर्षांपूर्वीच खोडून काढलेले होते.

त्या द्रवाने आपल्याकडे नंतरही मुक्काम ठोकला. १८७९मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक मुंबईत उतरले. त्यांपैकी कर्नल ऑल्कॉट यांनी १८८२-८३मध्ये सिलोन आणि बंगालमध्ये हात फिरवून उपचारांचे दौरे केले. चुंबकीय प्रवाहाची युरोपने टाकलेली कल्पना इथे प्राण, योग, सिद्धी यांच्या पंगतीला येऊन बसली आणि आपल्याच घरची वाटू लागली. मोहिनी, वशीकरण, नजरबंदी या जुन्या भीतींना तिने विज्ञानाचा अंगरखा दिला.

युरोपात गाडी पुन्हा रुळावर आली ती दोन वाटांनी. १८४१च्या नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला जेम्स ब्रेड या शल्यवैद्याने लाफोंतेन या फिरत्या मेस्मेरिस्टाचा खेळ पाहिला. लबाडी पकडायला गेलेल्या ब्रेडला दिसले की माणसाच्या पापण्या खरोखरच उघडत नाहीत. घरी येऊन त्याने मित्राला, पत्नीला, नोकराला एखाद्या वस्तूकडे टक लावून बघायला सांगितले आणि तीच स्थिती आली. समोर कोणी मेस्मेरिस्ट नव्हता, तर द्रव कोठून येणार? १८४३च्या ग्रंथात त्याने या स्थितीला हिप्नॉटिझम हे नाव रूढ केले आणि तिचे कारण रोग्याच्या मज्जासंस्थेत आणि एकाग्रतेत शोधले.

दुसरी वाट फ्रान्सच्या नान्सी शहरातून गेली. लिएबो नावाचा एक साधा डॉक्टर गरिबांना सांगे, औषध हवे असेल तर फी पडेल, झोपवून बरे करायचे असेल तर फुकट. फारियाच्या प्रयोगांना हजर असलेल्या न्वाझे या लष्करी अधिकाऱ्याच्या लेखनातून फारियाचा धागा त्याच्यापर्यंत आला होता. १८८२मध्ये प्राध्यापक बर्नहाइम त्याच्याकडे आले आणि पटून गेले. त्याच वेळी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात विख्यात शार्को संमोहनाच्या तीन अवस्था शिकवत होते. त्यांच्या मते संमोहन हे उन्मादाच्या रोग्यांचे लक्षण होते. बर्नहाइम म्हणाले, या अवस्था तुमच्या रोग्यांना तुमच्याच अपेक्षेतून शिकवल्या गेल्या आहेत. संमोहन निरोगी माणसालाही होते, कारण ते सूचनेतून येते. १८९३मध्ये शार्को गेले आणि त्यांची मांडणी मागे पडली. फ्रॉइड दोघांकडेही जाऊन आले आणि पुढे संमोहन सोडून मनोविश्लेषणाकडे वळले. बर्नहाइमनी मात्र सूचनेच्या सिद्धान्ताचे श्रेय फारियाला दिले. त्याच्या मृत्यूला तेव्हा सहा दशकांहून अधिक काळ लोटला होता. पुढे नोबेल मिळालेले पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिश यांनी १९२५ साली त्याच्यावर पुस्तकच लिहिले.

विसाव्या शतकाने मोजमाप आणले. स्टॅनफर्डमध्ये हिल्गार्ड आणि वाइट्झेनहॉफर यांनी १९५९ साली संमोहनक्षमतेची मोजपट्टी केली. काही थोड्या लोकांची क्षमता फार असते, काहींची जवळजवळ नसते, बाकीचे मध्ये असतात. तीच माणसे २५ वर्षांनी तपासली तरी त्यांची क्षमता फारशी बदललेली नव्हती. पिंड महत्त्वाचा, हे क्लिशी रस्त्यावरचे बोल आता आकड्यांत आले. १९९७मध्ये रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. गरम पाण्यातल्या हाताची वेदना कमी त्रासदायक वाटेल अशी सूचना दिल्यावर मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागाची हालचाल बदलली. वेदना कुठून येते याची नोंद घेणारा भाग तसाच राहिला, ती किती छळते हे ठरवणारा बदलला. बेल्जियममधल्या लिएज इथे १९९२पासून थायरॉइडसारख्या शस्त्रक्रिया संमोहन, जागेवरची भूल आणि हलके शामक एवढ्यावर होतात. एस्डेलच्या अंधाऱ्या खोलीतला चांगुलपणा तिथे शिल्लक आहे, फुंकर आणि द्रव गेले. आतड्याच्या जुनाट दुखण्यावर संमोहनाचा उपयोग होतो, हे मँचेस्टरच्या व्हॉरवेल यांनी १९८४मध्ये दाखवले.

त्याच शतकाने मर्यादाही दाखवल्या. संमोहनात सांगितलेली आठवण खरीच असते असे नाही. सूचनेने खोटी आठवण पेरता येते आणि माणूस ती पूर्ण खात्रीने सांगतो. गेल्या जन्माच्या गोष्टी, हरवलेल्या बालपणाचे शोध यांवर म्हणूनच विश्वास ठेवता येत नाही. १७८४च्या गुप्त अहवालातला इशाराही लागूच आहे. शक्ती रोग्याची असली, तरी खोलीतली सत्ता डॉक्टरची, बाबाची, गुरूची असू शकते. विश्वास ठेवणारा माणूस उघडा असतो. म्हणून संमोहन प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावे, आधी सगळे समजून घ्यावे, हवे तेव्हा थांबवण्याचा हक्क मागून घ्यावा.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अलौकिक शक्तीच्या दाव्यावर लोकांना लुबाडणाऱ्याला तो शिक्षा करतो. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. त्याआधी उपयोगी पडेल ते हा इतिहास माहीत असणे. तुम्हाला बरे करण्याची शक्ती माझ्या हातांत, माझ्या डोळ्यांत आहे असे जो सांगतो, तो १७८४ सालीच चुकीचा ठरला आहे, मग त्याने भगवे घातलेले असो की पांढरा कोट. त्याच्यापुढे बसून कोणाला खरेच आराम वाटला असेल, तर तो आराम खोटा मानायचे कारण नाही. तो त्या माणसाने स्वतः मिळवलेला आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला पैशांत, शरीरात किंवा निष्ठेत देण्याचे त्याच्यावर कसलेही बंधन नाही. कांदोळीच्या पाद्र्याने दोनशे वर्षांपूर्वी हे सांगितले तेव्हा लोक हसले. आज ते मोजून, तपासून सिद्ध झाले आहे, आणि आपल्या गावातल्या प्रत्येक दुखणाईताला ते कोणीतरी साध्या शब्दांत सांगायला हवे.